माउस बाजूला ठेवा : वेब सुगम्यतेच्या अभ्यासपुस्तकाची प्रस्तावना

वाशी स्टेशनच्या इमारतीत वर इन्फोटेक पार्क आहे आणि खालून हार्बरच्या गाड्या जातात. मे १९९२मध्ये ही गाडी खाडी ओलांडून वाशीला आली, तेव्हा वेब पान म्हणजे काय हे इथे कोणाच्या कानावरही आले नव्हते. आज पनवेल, नेरूळ, कोपरखैरण्याहून येणारी मुले-मुली याच स्टेशनच्या आसपासच्या वर्गांत वेब पाने बनवायला शिकतात आणि पुढे ऐरोली, महापे, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपन्यांत कामाला लागतात. हे पुस्तक त्यांच्यासाठी लिहिले आहे. बीएस्सी आयटी, बीसीए, डिप्लोमा, इंजिनिअरिंग यांपैकी काहीही करून आलेले असोत, त्यांना रिॲक्ट येते, गिट येते, एपीआयमधून डेटा आणून पडद्यावर मांडता येतो. पण लेबल आणि इनपुट एकमेकांना का जोडायचे, पानावर हेडिंगांचा क्रम कशासाठी पाळायचा, टॅब की दाबत गेले तर फोकस कुठून कुठे जातो, हे विचारले की बहुतेक जण गप्प होतात. दोष त्यांचा नाही. अभ्यासक्रमांनी एचटीएमएल पहिल्या आठवड्यात उरकून टाकले आणि पुन्हा त्याच्याकडे वळूनही पाहिले नाही.

या पुस्तकाला एकच गोष्ट सांगायची आहे. सुगम्यता, म्हणजे आपण जिला कामाच्या ठिकाणी ॲक्सेसिबिलिटी म्हणतो, ती वेगळी विद्या नाही. ज्याला एचटीएमएल नीट येते त्याला ती बरीचशी आलेलीच असते. आणि ज्याला ती येत नाही, त्याला फ्रंट एंड अर्धेच येते, मग त्याच्या बायोडेटात कितीही फ्रेमवर्कची नावे असोत.

हे विधान पुढे सिद्ध करायचे आहे. त्याआधी पानापलीकडे बसलेली माणसे कोण आहेत ते पाहू. २०११च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी आणि महाराष्ट्रात २९.६ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. ही मोजणी जुन्या, अपुऱ्या वर्गवारीने झालेली. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्याने ते २१ केले. शिवाय जनगणनेच्या रकान्यात कधीच न येणारी माणसे आहेत: चाळिशी लागलेला एपीएमसीतला व्यापारी, हात थरथरणारे निवृत्त गृहस्थ, मनगटाला प्लास्टर घातलेली मुलगी, सकाळच्या गाडीत एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तिकीट काढणारा प्रवासी. पडद्यावरचे बटण बारीक असले की अडचण या सगळ्यांनाच होते. डोळस, तरुण आणि धडधाकट माणसाला ती फक्त क्षणभर होते, एवढाच फरक.

आपल्याच ठाणे जिल्ह्यातले एक उदाहरण सर्वांना ठाऊक असावे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत आणि पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्या शिकल्या. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१६च्या परीक्षेत त्या देशात १२४व्या आल्या आणि २०१९मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. त्यांच्या अभ्यासाचा मोठा भाग जॉज या स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकून झाला. त्यांच्या जिद्दीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. फ्रंट एंडवाल्याने त्यातून वेगळी गोष्ट उचलावी. ऐकून अभ्यास करणाऱ्या माणसाची गती तो मजकूर कसा बांधला आहे यावर ठरते, आणि वेब पानावर ती बांधणी आपण करतो.

स्क्रीन रीडर पान वरून खाली सरळ वाचत सुटतो असा अनेकांचा समज असतो. सरावलेला माणूस तसे ऐकत बसत नाही. अमेरिकेतल्या वेबएम या संस्थेने २०२३-२४मध्ये स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची पाहणी केली. लांब पानावर माहिती शोधायची असेल तर पहिल्यांदा हेडिंगांवरून उड्या मारत जातो, असे त्यांपैकी ७१.६ टक्के लोकांनी सांगितले. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमध्ये एच दाबला की पुढचे हेडिंग येते, के दाबला की पुढची लिंक, बी दाबला की पुढचे बटण, एफ दाबला की फॉर्ममधला पुढचा रकाना. आपण हेडिंगच्या जागी नुसता मोठा, ठळक डिव्ह ठेवला तर डोळ्यांना हेडिंग दिसते, पण एच दाबणाऱ्याला ते सापडत नाही. पानावर आठ ठिकाणी 'येथे क्लिक करा' लिहिले, तर के दाबत जाणाऱ्याला तेच तीन शब्द आठ वेळा ऐकू येतात आणि कुठली लिंक कुठे नेते ते कळत नाही.

बटणाची गोष्ट तर आणखी साधी आहे. एचटीएमएलमधले खरे बटण टॅब कीने गाठता येते, एंटर आणि स्पेस दोन्हीने दाबता येते, आणि स्क्रीन रीडर त्याचे नाव सांगून पुढे 'बटण' असे म्हणतो. हे सगळे ब्राउझर फुकटात देतो. त्याऐवजी डिव्ह घेऊन त्याला ऑनक्लिक लावले की यातले काहीही मिळत नाही. मग टॅबइंडेक्स लावा, रोल लावा, की दाबल्याची घटना हाताळा, अशी डागडुजी सुरू होते आणि तरीही कुठेतरी गळती राहते. एका शब्दाचा टॅग सोडून वीस ओळींचा कोड लिहायचा आणि तो अपुराच राहायचा, याला कारागिरी म्हणता येणार नाही.

अशा चुका थोड्याथोडक्या नाहीत. हीच वेबएम संस्था दर वर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे यंत्राने तपासते. २०१९च्या पहिल्या तपासणीत ९७.८ टक्के पानांवर उघड दोष निघाले, २०२५मध्ये ९४.८ टक्के पानांवर. सहा वर्षांत सुधारणा तीन टक्क्यांची. आणि दोषही दर वर्षी तेच सहा: फिका मजकूर, ऑल्ट मजकूर नसलेली चित्रे, लेबल नसलेले रकाने, रिकाम्या लिंक, रिकामी बटणे आणि पानाची भाषा न सांगणे. यांपैकी एकही दुरुस्त करायला महिनाभराचे प्रशिक्षण लागत नाही. हे सहा दोष उद्यापासून आपल्या हातून होणार नाहीत एवढे ठरवणारा नवशिकासुद्धा त्या बाबतीत जगातल्या बहुतेक मुखपृष्ठांच्या पुढे गेलेला असेल.

यामागचे नियम काही गूढ नाहीत. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १९९७मध्ये सुगम्यतेचा उपक्रम सुरू केला आणि मे १९९९मध्ये वेब मजकुराची मार्गदर्शक तत्त्वे, म्हणजे डब्ल्यूसीएजीची पहिली आवृत्ती, प्रसिद्ध केली. दुसरी आवृत्ती डिसेंबर २००८मध्ये आली, २.१ जून २०१८मध्ये आणि २.२ ऑक्टोबर २०२३मध्ये. सगळ्याचा पाया चार अपेक्षांवर आहे: मजकूर जाणवला पाहिजे, पान चालवता आले पाहिजे, ते समजले पाहिजे, आणि वेगवेगळ्या ब्राउझरांवर व सहायक साधनांवर ते टिकले पाहिजे. २.२मध्ये एकूण ८६ निकष आहेत. कायदे आणि कंत्राटे बहुधा ए आणि एए या दोन पातळ्या मागतात आणि २.२च्या हिशोबाने त्या ५५ निकषांत मावतात. हे निकष पाठ करू नका. पाठ केलेला निकष पुढच्या आठवड्यात विसरतो. हाताने अनुभवलेली अडचण विसरत नाही.

नियम आले की वादही येतात. सिडनीचे ब्रूस मॅग्वायर हे अंध गृहस्थ २०००च्या ऑलिम्पिकचे संकेतस्थळ वाचता येत नाही अशी तक्रार घेऊन ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे गेले. दुरुस्तीला वेळ आणि खर्च फार लागेल, हे आयोजकांचे म्हणणे तिथे टिकले नाही आणि त्यांना २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. पाव शतकानंतर आजही कुठल्याही कंपनीच्या बैठकीत हाच बचाव ऐकू येतो: आता खर्च फार होईल, पुढच्या टप्प्यात पाहू. खर्च होतो हे खरे, पण तो उशिराचा खर्च असतो. वाशीकरांना हे समजावून सांगायला नको. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना साठच्या दशकात मांडली, १९७०मध्ये सिडको स्थापन झाली, आणि सेक्टर, रस्ते, पाण्याच्या वाहिन्या, स्टेशनच्या जागा आधी कागदावर ठरल्या. जे नकाशात होते ते स्वस्तात झाले. जे नकाशात राहून गेले त्यासाठी नंतर फरशा उखडाव्या लागल्या. वेब पानाचा नकाशा म्हणजे त्याचे एचटीएमएल, आणि हेडिंग, लेबल, बटण हे त्यातच आखून घ्यायचे असते.

आपल्याकडे कायदाही आता मोघम राहिलेला नाही. भारताने संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार १ ऑक्टोबर २००७ रोजी मंजूर केला. त्याला अनुसरून २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला आणि तो १९ एप्रिल २०१७पासून अमलात आला. त्याचे ४२वे कलम माहिती व संपर्क तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेबद्दल आहे. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी ५०,००० ते ५ लाख रुपये दंडाची तरतूद ८९व्या कलमात आहे. सरकारी संकेतस्थळांसाठी २००९पासून मार्गदर्शक सूचना आहेत आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३मध्ये आली. आयएस १७८०२ हे भारतीय मानक दोन भागांत, २०२१ आणि २०२२मध्ये, प्रसिद्ध झाले आणि २०२३मध्ये ते या कायद्याखालच्या नियमांत समाविष्ट झाले.

तरीही बरेच काही 'शिफारस' या सदरात राहत होते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रातुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच नेमके पकडले. कायदा सुगम्यता सक्तीची करतो आणि नियम तिची नुसती शिफारस करतात, हे चालणार नाही, असे सांगून न्यायालयाने १५वा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे निकष आखायला सांगितले. त्यानंतरचा निकाल तर थेट आपल्या कामाबद्दल आहे. ॲसिड हल्ल्यातून बचावलेल्या प्रज्ञा प्रसून यांना बँकेच्या ओळख पडताळणीत कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवायला सांगितले गेले, आणि हल्ल्यामुळे त्यांना ते शक्यच नव्हते. अमर जैन हे मुंबईचे दृष्टिहीन वकीलही याच पडताळणीतल्या अडथळ्यांविरुद्ध न्यायालयात गेले होते. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांच्या पीठाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा संविधानाच्या २१व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे सांगितले आणि २० निर्देश दिले. त्यापाठोपाठ जुलै २०२५मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या सेबीनेही आपल्या अखत्यारीतल्या संस्थांना या कायद्याचे पालन बंधनकारक केले.

'डोळे मिचकावा' ही ओळ पडद्यावर कोणीतरी लिहिली होती. लिहिणारा दुष्ट नव्हता. दुसरा पर्याय ठेवायला हवा हे त्याला कोणी शिकवले नव्हते, एवढेच. ही प्रस्तावना वाचणाऱ्याने कायद्याची कलमे विसरली तरी चालेल, ही गोष्ट विसरू नये.

नोकरीच्या बाजूनेही पाहू, कारण वाशीत वर्गाची फी भरणारे पालक तोच प्रश्न आधी विचारतात. नवी मुंबईतल्या कंपन्यांचा बराच कोड परदेशी ग्राहकांसाठी लिहिला जातो. युरोपीय सुगम्यता कायदा २८ जून २०२५पासून लागू झाला आहे. अमेरिकेत राज्य आणि स्थानिक सरकारांच्या संकेतस्थळांसाठी डब्ल्यूसीएजी २.१ची एए पातळी ठरवणारा नियम एप्रिल २०२४मध्ये आला. ग्राहक आता सुगम्यतेचा अहवाल मागतो आणि तो अहवाल वाचून दुरुस्ती करणारा माणूस प्रत्येक टीमला लागतो. पुढे आयएएपी या सुगम्यता व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रमाणपत्र परीक्षाही देता येतात. पण प्रमाणपत्र हे शिकल्याचा पुरावा आहे, शिकण्याचा रस्ता नव्हे. रस्ता हाताने आणि कानाने चालायचा आहे.

आता या पुस्तकाच्या एका भागाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण तो इंग्रजी पुस्तकांत मिळणार नाही. मराठी पानाच्या अडचणी वेगळ्या आहेत आणि त्या आपल्यावाचून दुसरे कोणी सोडवणार नाही.

पहिली अडचण भाषेच्या खुणेची. पानाच्या एचटीएमएल टॅगवर लँग या ॲट्रिब्यूटची किंमत 'एमआर' ठेवली की स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकतो. टेम्प्लेटमधून आलेली इंग्रजीची खूण तशीच राहिली, तर इंग्रजी आवाज देवनागरी अक्षरे एक तर गाळतो, नाही तर भलतेच काही बोलतो. हिंदीची खूण असली तर मजकूर कळतो, पण 'चमचा' आणि 'जहाज' यांतले च-ज मराठीसारखे उमटत नाहीत. मराठी पानावर मध्येच इंग्रजी परिच्छेद असेल तर त्या परिच्छेदाला वेगळी खूण द्यायची. एका ॲट्रिब्यूटचे हे काम, पण मराठी संकेतस्थळांवर ते हटकून राहून जाते.

दुसरी अडचण फाँटची. युनिकोडच्या आधीच्या काळात शिवाजी, श्री-लिपी, सीडॅकचे डीव्ही फाँट यांनी मराठी छपाईचा संसार चालवला, त्याबद्दल त्यांचे ऋण आहेच. पण त्या फाँटांत खाली साठवलेली असतात रोमन अक्षरांची आणि चिन्हांची कोड आणि वर दिसते देवनागरी. डोळ्याला 'सूचना' दिसते, कानाला निरर्थक अक्षरांची माळ ऐकू येते. जुन्या फाइलींतून मजकूर उचलून पानावर टाकताना तो युनिकोडमध्ये बदलून घेतलाच पाहिजे. स्कॅन करून चढवलेली परिपत्रके आणि चित्र म्हणून टाकलेल्या सूचना यांचेही तेच. स्क्रीन रीडरच्या दृष्टीने ते कोरे कागद असतात.

तिसरी अडचण सीएसएसची. देवनागरीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असतात. रोमन अक्षरांच्या हिशोबाने ठरवलेल्या ठरावीक उंचीच्या चौकटीत ते कापले जातात, आणि कोणी अक्षर दुपटीने मोठे केले की हमखास कापले जातात. इंग्रजी शीर्षकांना शोभून दिसणारे लेटर स्पेसिंग देवनागरीला लावले की शिरोरेषा तुटते. अतिबारीक वजनाच्या फाँटात जोडाक्षरे मिटून जातात. फिका करडा रंग त्यावर आणखी वाईट. साध्या आकाराच्या मजकुरासाठी निकष ४.५ ला १ असा कॉन्ट्रास्ट मागतो. पांढऱ्यावर #७७७७७७ हा करडा ४.४८ भरतो आणि नापास होतो, #७६७६७६ हा ४.५४ भरून पास होतो. ही किमान रेषा आहे. जोडाक्षरांनी भरलेल्या बारीक मराठी मजकुराला तिच्या बरेच वर राहणे बरे.

चौथी अडचण फॉर्मची. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधली अंकांची खूण देवनागरी अंक ओळखत नाही आणि 'नंबर' हे फंक्शन १२३ला संख्याच मानत नाही. मराठी कीबोर्डवरून पिनकोड भरणाऱ्या आजोबांना मग 'इनव्हॅलिड इनपुट' असा इंग्रजी दम मिळतो, तोही बऱ्याचदा नुसत्या लाल कडेने, म्हणजे रंग न दिसणाऱ्याला तेवढाही नाही. देवनागरी अंक स्वीकारून आत बदलून घेणे हे चार ओळींचे काम आहे. चूक काय झाली आणि काय भरायचे, हे मराठीत, त्या रकान्याशी जोडून, शब्दांत सांगणे हे आणखी चार ओळींचे.

पुस्तकाची मांडणी वर्गातल्या अनुभवातून ठरली आहे. पहिल्या भागात फ्रेमवर्क नाही, सीएसएसही नाही. नुसत्या एचटीएमएलमध्ये एक सूचनाफलक, एक लेख आणि एक अर्ज लिहायचा. ते पान कुरूप दिसेल, पण कानाला स्वच्छ ऐकू येईल. दुसऱ्या भागात माउस काढून बाजूला ठेवायचा आणि रोजच्या वापरातली संकेतस्थळे फक्त कीबोर्डवर चालवून पाहायची. फोकस कुठे आहे ते दिसत नाही, मेनूत शिरल्यावर बाहेर पडता येत नाही, पॉपअप उघडला तरी टॅब मागच्या पानावरच फिरते, हे इथे कळते. डिझाइनला शोभत नाही म्हणून फोकसची चौकट काढून टाकणारी सीएसएसची ओळ आपण किती सहज लिहितो, तेही कळते.

तिसरा भाग ऐकण्याचा. मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६मध्ये एनव्हीडीएचे काम सुरू केले आणि जेम्स टेह त्यात सामील झाले. महागडा स्क्रीन रीडर न परवडणाऱ्यांसाठी तो मोफत आहे आणि त्यासोबत येणाऱ्या ईस्पीक आवाजाला मराठी येते. आवाज यांत्रिक आहे, पहिल्यांदा ऐकताना गोंधळ उडतो. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर असतो. चालू केल्यावर बोटांच्या खुणा बदलतात आणि पुष्कळ जण घाबरतात. आवाजाच्या दोन्ही कळा एकत्र दाबून धरायचा शॉर्टकट आधी चालू करून ठेवावा, म्हणजे परतीचा रस्ता हाताशी राहतो. आपणच बनवलेले पान पडदा झाकून एकदा ऐका. पुढचा धडा मग शिक्षकाला सांगावा लागत नाही.

चौथा भाग वर सांगितलेल्या मराठी पानाचा. पाचव्या भागात मग रिॲक्ट येते. पॉपअप उघडल्यावर फोकस आत नेणे, एस्केपने बंद करणे आणि फोकस मूळ बटणावर परत आणणे. पान न बदलता मजकूर बदलला तर शीर्षक बदलणे आणि ते ऐकणाऱ्याला कळवणे. टॅब, ॲकॉर्डियन, सूचना यांची वागणूक. इथे एरिया नावाची ॲट्रिब्यूटे लागतात. ती बेताने वापरा. जिथे एचटीएमएलचा टॅग काम करतो तिथे एरिया नको, हा एरियाच्या वापराचाच पहिला नियम आहे. चुकीचे एरिया हे ऐकणाऱ्याला खोटी माहिती देते, आणि खोट्या माहितीपेक्षा काहीच न सांगणे परवडते.

सहावा भाग तपासणीचा. ॲक्स, वेव्ह, लाइटहाउस ही साधने रोज वापरा, पण त्यांच्या गुणांवर समाधान मानू नका. चित्राला ऑल्ट मजकूर आहे की नाही हे यंत्र सांगते. तो मजकूर त्या चित्राबद्दल खरे बोलतो का, हे यंत्राला नीटसे कळत नाही. एका ओळीची स्क्रिप्ट लावा आणि संकेतस्थळ सुगम्य करा, असे सांगणारी विजेटेही बाजारात आहेत. अशा दाव्यांबद्दल ॲक्सेसिबी या कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५मध्ये दहा लाख डॉलर भरायला लावले. तेवढी माहिती पुरे.

शेवटचा भाग माणसांचा. स्वतः कान लावून ऐकणे हा सराव आहे. रोज त्यावर जगणाऱ्या माणसाची जागा तो घेत नाही. मुंबईत सेंट झेवियर्सचे दृष्टिहीनांसाठीचे संसाधन केंद्र २००३पासून काम करते. शिल्पी कपूर यांच्या बॅरियरब्रेकमध्ये अपंग परीक्षक संकेतस्थळे तपासतात. नवी मुंबई महापालिकेचे दिव्यांगांसाठीचे शिक्षण, प्रशिक्षण व सेवासुविधा केंद्र, ज्याला सगळे ईटीसी म्हणतात, वाशीतच आहे. अशा ठिकाणच्या लोकांकडून शिकताना एक पथ्य पाळा: पान तपासून देणे हे कौशल्याचे काम आहे, त्याचे पैसे द्या. चहा पाजून, फोटो काढून आणि 'तुमच्याकडून प्रेरणा मिळाली' असे म्हणून ते काम फुकट उरकू नका.

या पुस्तकाच्या मर्यादाही आहेत. मोबाइल ॲपचा विचार इथे ओझरता आहे. आकलनाच्या अडचणी असलेल्या माणसांसाठी सोपे लिहिणे हा स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे आणि मराठीत त्यावर फार काम बाकी आहे. भारतीय सांकेतिक भाषेतले व्हिडिओ, मराठी कॅप्शन यांना एकेक प्रकरण मिळाले आहे, त्यांचा हक्क अधिक होता. डब्ल्यूसीएजीची पुढची आवृत्ती येईल तेव्हा निकषांचे आकडे बदलतील. बटण बटणच राहील आणि लेबल लेबलच.

वाचकाला विनंती एकच. हे पुस्तक शेवटपर्यंत वाचून मग कामाला लागू नका. सध्या हातात असलेला प्रकल्प उघडा, माउस बाजूला ठेवा आणि पानाच्या सुरुवातीपासून टॅब दाबत शेवटच्या बटणापर्यंत जा. जिथे अडाल ती जागा लिहून ठेवा आणि ती दुरुस्त करून मगच पहिल्या प्रकरणाकडे वळा.